अक्कोळच्या शिवारात एक रात्र

आम्हां धर्मगुरूंस मराठीत 'मेंढपाळ' म्हणण्याचा प्रघात आहे. सेमिनरीत या शब्दावर आम्ही निबंध लिहिले, दीक्षेच्या दिवशी तो आम्हांस उद्देशून उच्चारला गेला आणि पुढे सतरा-अठरा वर्षे प्रवचनांतून तो आम्ही स्वतः शेकडो वेळा वापरला. शंभरांतील एक मेंढरू हरवते आणि मेंढपाळ त्याच्या शोधास निघतो, हा दाखला तर इतक्या वेळा समजावून सांगितला आहे की, आता तो सांगताना आम्हांस विचार करावा लागत नाही. परंतु वाचकहो, खरे सांगावयाचे तर वयाची पंचेचाळिशी उलटेपर्यंत मेंढरांच्या कळपाजवळ एक रात्रही आम्ही काढली नव्हती. गेल्या चैत्रात तो योग आला, आणि तो आमच्याच एका चुकीमुळे आला.

हकीकत अशी की, बेळगाव तालुक्यातील आमच्या धर्मग्रामाच्या मालकीची चर्चच्या पाठीमागे दोन एकर जमीन आहे. भाताची कापणी होऊन शेते मोकळी झाली म्हणजे माघ महिन्यात धनगरांचा एक कळप त्या जमिनीतून जातो व दोन रात्री तेथे मुक्काम करतो. ही वहिवाट आमच्या आधीच्या धर्मगुरूंच्याही आधीपासूनची. यंदा मात्र धर्मग्रामसभेने जमिनीभोवती भिंत घालण्याचा ठराव केला. मेंढरांचा वास येतो, मुले धर्मशिक्षणाच्या वर्गात नाके दाबून बसतात, जागा उघडी राहिली तर उद्या कोणी अतिक्रमण करील, अशी कारणे पुढे आली. आम्हांसही ती पटली व ठरावाखाली आम्ही सही केली.

माघात कळप आला तेव्हा चिऱ्यांचा ढीग पाहून त्याचा म्हातारा मेंढका आमच्या दारी आला. त्यास सर्वजण मामा म्हणतात.

"फादर, भिंत झाल्यावर आमी जायचं कुटनं?" त्याने विचारले.

पलीकडून डांबरी रस्ता आहे, असे आम्ही सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "रस्ता गाड्यांचा हाय. गेल्या साली तीन बकरी ट्रकाखाली गेली. चैतात आमचा तळ निपाणीजवळ अक्कोळला असतोय. एक डाव येऊन बघा. मग भिंत घाला. आमी न्हाई म्हणणार न्हाई."

रागाने काही बोलला असता तर आम्ही त्यास उत्तर देऊन मोकळे झालो असतो. त्याच्या या सौम्य बोलण्याने मात्र आमचे मन अस्वस्थ झाले. अखेर चैत्रातील एका दुपारी आम्ही निपाणीची बस धरली. सोबतीस धर्मग्रामसभेतील एक निवृत्त शिक्षक होते. भिंतीची सूचना मूळ त्यांचीच. तेव्हा त्यांनीही हा प्रकार डोळ्यांनी पाहावा, असा आम्ही आग्रह धरला.

बेळगावहून निपाणी सुमारे पाऊणशे किलोमीटर. पुणे-बंगळूर महामार्गाने बस सुटली की प्रथम काकती लागते. कित्तूरच्या राणी चन्नम्मांचे हे माहेर. त्यांचा सरदार संगोळ्ळी रायण्णा हा कुरुब, म्हणजे मेंढरे राखणाऱ्या समाजातलाच. इंग्रजांनी त्यास १८३१ साली खानापूर तालुक्यातील नंदगड येथे फाशी दिले. गुरुजींनी ही माहिती दिली तेव्हा आमच्या मनात आले की, ज्या लोकांच्या पराक्रमाचे पुतळे आपण चौकाचौकांत उभारतो, त्यांची मेंढरे मात्र आपल्या अंगणातून गेलेली आपणांस चालत नाहीत.

काकतीच्या पुढे हत्तरगी, मग हिरण्यकेशीच्या काठचे संकेश्वर. पश्चिमेकडे सह्याद्रीच्या निळसर रांगा दिसत राहतात, तर पूर्वेकडे जमीन कोरडी व उघडी होत जाते. या दोन मुलखांच्या मधल्या पट्ट्यातूनच मेंढरांची वाट जाते. सह्याद्रीच्या पायथ्याशी पाऊस अतोनात. त्या चिखलात मेंढरांचे खूर कुजतात. म्हणून पावसाळ्यात कळप पूर्वेस गोकाक, रायबाग, अथणीच्या कमी पावसाच्या मुलखात उतरतात आणि सुगी झाली म्हणजे मोकळ्या शेतांचा माग काढीत पश्चिमेकडे परततात. नकाशावर ही वाट कोठेही काढलेली नाही. पाऊस व पीक यांच्या वेळापत्रकावर ती ठरत आली आहे.

बसमध्ये आमच्या पुढच्या बाकावर दोन म्हाताऱ्या बसल्या होत्या. एकीने कानडीत विचारावे, दुसरीने मराठीत उत्तर द्यावे, आणि दोघींनी एकाच पिशवीतील शेंगा खाव्यात, असा प्रकार चालला होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली व हा मुलूख तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. पुढे १९६६ साली महाजन आयोग नेमला गेला, १९६७ साली त्याचा अहवाल आला, आणि २००४ साली महाराष्ट्राने हा वाद सर्वोच्च न्यायालयात नेला. या प्रश्नाने किती घरांत दुःख झाले ते आम्ही जाणतो, व त्याचा निवाडा करण्याचा आमचा अधिकार नाही. मेंढरांना सीमा कळत नाही, एवढेच त्या प्रवासात आम्हांस पुन्हा पुन्हा जाणवले.

स्तवनिधीचे जैन क्षेत्र मागे टाकून तवंदी घाट उतरला की निपाणी येते. विडीच्या तंबाखूची ही जुनी पेठ. १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी याच महामार्गावर ठाण मांडले होते व पोलिसांच्या गोळीबारात शेतकऱ्यांचे बळी गेले होते. आज तंबाखूच्या बरोबरीने जिकडेतिकडे ऊस दिसतो. २०१८ पासून निपाणी हा स्वतंत्र तालुका झाला असून अक्कोळ हे त्याच तालुक्यातील, शहराजवळचे गाव.

अक्कोळचे नाव या भागात साऱ्यांच्या ओठी आहे, ते संत बाळूमामांमुळे. १८९२ साली येथील एका धनगर कुटुंबात त्यांचा जन्म झाला. सारा जन्म त्यांनी मेंढरे राखीत सीमेच्या दोन्ही बाजूंच्या खेड्यांतून भ्रमंती केली आणि १९६६ साली कोल्हापूर जिल्ह्यातील आदमापूर येथे त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या मेंढरांचे कळप आजही गावोगाव फिरतात. या कळपांस 'बग्गा' म्हणतात, आणि इकडच्या बोलीत मेंढरास 'बकरी'च म्हणतात, हे परगावच्या वाचकांनी ध्यानात घ्यावे. 'मामांची बकरी' आपल्या शेतात बसावीत म्हणून शेतकरी वाट पाहत असतात. जन्म आज कर्नाटकात असलेल्या गावी, समाधी महाराष्ट्रात, आणि भक्त दोन्हीकडे!

धनगरांचा देव, त्यांच्या ओव्या व त्यांच्या वाटा यांचा अभ्यास करण्यासाठी जर्मनीतील हायडेलबर्ग विद्यापीठाचे प्राध्यापक गुंथर सोंथायमर वर्षानुवर्षे दख्खनच्या माळांवर हिंडले. बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा या दैवतांवरील त्यांचा ग्रंथ १९७६ साली प्रसिद्ध झाला. सातासमुद्रापलीकडचा एक विद्वान धनगरांच्या तळावर जाऊन बसला, आणि आम्ही चर्चच्या पाठीमागे उतरलेल्या तळावर कधी फिरकलो नाही, हा विचार मनास लागल्यावाचून राहिला नाही.

गावाबाहेर एका शेतात मामांचा तळ सापडला. शेत आप्पा नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका शेतकऱ्याचे होते. तंबाखू निघून गेली होती व जमीन उघडी पडली होती. बांधाजवळ दोन घोडी, त्यांच्या पाठीवरून उतरवलेले बिऱ्हाड, तीन दगडांची चूल, चार कुत्री आणि एक बाज. मामी भाकऱ्या थापीत होत्या व सून कोकरांना वेगळ्या जाळ्यात कोंडीत होती. मामांचे दोन कुटुंबांचे मिळून दोनशेच्या आसपास मेंढरे असलेले हे खटले.

सूर्य कलला आणि माळावरून कळप उतरला. तो प्रसंग आम्ही विसरणार नाही. दिवसभर आयांपासून दूर ठेवलेली कोकरे सोडताच एकच कल्लोळ उडाला. आमच्या कानांस सगळे आवाज सारखेच वाटले. परंतु प्रत्येक कोकरू धावत जाऊन नेमके आपल्याच आईच्या पोटाखाली शिरले, आणि चुकून दुसरीकडे गेलेल्यास त्या मेंढीने हुंगून दूर लोटले. पाव घटकेत सारे शांत झाले. गुरुजी म्हणाले, "एवढी शिस्त आमच्या शाळेत मधल्या सुट्टीनंतर कधी पाहिली नाही!"

मग वाघर लावण्यात आली. वाघर म्हणजे दोरीच्या जाळ्याचे कुंपण. मेखा ठोकून शेताचा एक तुकडा या जाळ्याने वेढावयाचा व कळप रात्रभर त्यात बसवावयाचा. दुसऱ्या रात्री वाघर उचलून पुढच्या तुकड्यावर न्यावयाची. असे करीत करीत साऱ्या शेतात मेंढरे बसून होतात. यासच 'बकरी बसविणे' म्हणतात. याचा मोबदला शेतकऱ्याने मेंढक्यास द्यावयाचा. पूर्वी तो धान्याच्या मापाने मिळे, आता बहुधा रोख मिळतो.

आम्ही आप्पांना विचारले, "पोत्यातले खत बाजारात मिळत असता हा खटाटोप कशासाठी?"

आप्पा हसले. "फादर, पोत्यातलं खत पिकाला. बकरीचं खत जमिनीला."

त्यांनी मग सविस्तर सांगितले. गोठ्यातील शेण उकिरड्यावर पडते, उन्हापावसात त्याचा कस जातो, गोमूत्र तर बहुधा वाहूनच जाते. मेंढरू मात्र लेंडी आणि मूत्र दोन्ही थेट शेतात देते. वाहतुकीचा खर्च नाही, वाया काही जात नाही. मेंढीची लेंडी गाईच्या शेणाहून अधिक कसदार असते, ही गोष्ट कृषिशास्त्रासही मान्य आहे. ती जमिनीत हळूहळू मुरते व तिचा गुण एका पिकापुरता न राहता पुढेही टिकतो. मेंढरे उठली की लवकर नांगर घालावयाचा, म्हणजे झाले. "बक्कळ पाणी आन् पोत्याचं खत यांनी कृष्णाकाठची किती जमीन मिठाळ झाली, ते शिरोळकडं जाऊन बघा," असे म्हणून आप्पांनी हात जोडले. शिरोळ तालुक्यातील क्षारपड जमिनींची कथा वाचकांस ठाऊक असेलच.

गुरुजींस मात्र शंका होती. त्यांनी शाळेतील पुस्तकांत वाचले होते की, मेंढरे गवत मुळासकट खातात व माळ उजाड करतात. त्यांनी ते स्पष्टच विचारले. मामांस त्याचा राग आला नाही.

"खरं हाय गुरुजी. एका जाग्याला ठिवलं तर खात्यात. म्हणूनच तर आमी चालतोय. आज हितं, उद्या तितं. गवताला इसावा दिला की ते पुन्यांदा येतंय. वाटा बंद केल्या, बकरी एका जाग्याला कोंडली, की मग माळ मरतोय आन् दोष बकऱ्यास्नी लागतोय."

चराईचे हेच तत्त्व आज जगभरचे कुरणतज्ज्ञ सांगत आहेत. संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने २०२२ साली ठराव करून २०२६ हे वर्ष चराऊ कुरणे व पशुपालक यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले. त्याची सूचना मंगोलियासारख्या पशुपालक देशाकडून आली होती. मामांस याची वार्ताही नव्हती. आम्ही ती सांगितली तेव्हा ते म्हणाले, "बरं झालं. पर गावच्या पंचास्नी कोण सांगणार?"

भाकरी, ठेचा आणि मेंढीच्या दुधातला चहा असे जेवण झाले. रात्री गार वारा सुटला, तेव्हा मामांनी एक काळे घोंगडे आमच्या अंगावर टाकले. ते खरखरीत होते. पण घटकाभरात त्याची ऊब अशी लागली की आम्ही ते सोडले नाही. ही दख्खनी मेंढीची लोकर. ही मेंढी काळी वा काळीपांढरी, अंगाने काटक, उन्हातान्हात कोसच्या कोस चालणारी. वर्षातून दोनदा तिची लोकर कातरतात; कोकराची पहिली लोकर, जिला 'जावळ' म्हणतात, ती सर्वांत मऊ. लोकर पिंजून, तिचे सूत काढून, त्यास चिंचोक्याची खळ देऊन मागावर घोंगडे विणतात. इकडे हे काम सनगर समाजाचे लोक करीत आले आहेत. घोंगड्यावर पाऊस लवकर मुरत नाही. त्यावर निजावे, त्यात धान्य बांधावे, त्यावरच पंचांनी बसून निवाडा करावा. हुपरीजवळच्या पट्टणकोडोलीस विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भक्तगण भंडारा व खारीक-खोबऱ्याबरोबर लोकरही उधळतात. ज्या वस्तूने थंडी-पावसात तारले ती देवास वाहावी, असे त्यांस वाटते.

तथापि हा मान यात्रेपुरताच उरला आहे. बाजारात या जाड्याभरड्या लोकरीस आज गिऱ्हाईक नाही. कातरणाऱ्याची मजुरी लोकरीच्या किमतीहून जास्त होते. म्हणून कातरलेली लोकर कित्येकदा बांधावरच टाकून देतात. कारखान्यात विणलेली स्वस्त ब्लँकेटे घरोघर गेली व घोंगडे माळ्यावर चढले. आता मेंढरू राखले जाते ते मुख्यतः मटणासाठी. मटणास भाव चांगला आहे, आणि तोच मेंढक्याचा खरा आधार आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. लग्नसराईत वा जत्रेत आपण मटणाचे दोन घास खातो, त्यामागे असे एखादे खटले वर्षभर चालत असते. परंतु भावापायी लोक सांगलीच्या जत तालुक्यातील माडग्याळ जातीचे मेंढे आणून आपल्या कळपात सोडू लागले. माडग्याळ मेंढी उंच, वजनदार, लवकर वाढणारी. मात्र तिच्या अंगावर लोकर नावालाच. अशा संकरातून अस्सल काळी दख्खनी मेंढी दिवसेंदिवस कमी होत आहे.

आम्ही विचारले, "मामा, तुम्ही मग माडग्याळ का आणला नाही?"

ते म्हणाले, "दोन आणल्यात. खोटं कशाला बोलू? पर पावसात आन् लांबच्या चालीत काळीच टिकतीया. म्हणून निम्मी काळी ठिवलीया. सगळा जुगार एका पत्त्यावर लावू न्हाई."

आमच्या मते हा मोठा शहाणपणा होय. देशी जातीचा काटकपणा राखूनही उत्पन्न वाढविता येते, हे फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने दाखवून दिले आहे. बंगालमधील गरोळ या लहान जातीत जुळी कोकरे देण्याचा जो आनुवंशिक गुण आहे, तो त्यांनी दख्खनी मेंढीत उतरवून 'नारी सुवर्णा' ही मेंढी तयार केली. एरवी दख्खनी मेंढी पाच महिने गाभण राहून बहुधा एकच कोकरू देते. त्या जागी दोन मिळाली तर लहान कळपावरही संसार चालू शकतो.

रात्र बरीच झाली होती. मामा वाघरेभोवती एक फेरी मारून आले व मुलास म्हणाले, "तुटक्या कानाची आली न्हाई."

आम्ही चकित झालो. अंधारात दोनशे मेंढरांतील एक कमी आहे हे त्यांस कळले कसे? त्यांनी मोजदाद केलीच नव्हती. "मोजायचं कशाला? घरात पोरगं न्हाई हे आई मोजून बघती व्हय?" मुलगा बॅटरी घेऊन निघाला. आमच्या मनात तो सुपरिचित दाखला उभा राहिला आणि सेमिनरीतील एक जुनी शंकाही आठवली. एकासाठी नव्याण्णव उघड्यावर सोडून जाणे हे कोणत्या शहाणपणाचे? तीच शंका आम्ही मामांस विचारली.

त्यांस प्रश्नच विचित्र वाटला. "उगड्यावर कशी? मामी हाय, सून हाय, कुत्री हाईत. मागं राखणारं माणूस हाय म्हणून तर पोरगा गेला."

इतकी वर्षे आम्ही शोधास जाणाऱ्याचीच थोरवी सांगत आलो होतो. मागे राहून जागणाऱ्यांची आठवण आम्हांस कधी झाली नव्हती. अर्ध्या तासाने मुलगा ती मेंढी खांद्यावर घेऊन आला. बांधाच्या काटेरी झुडपात तिचा पाय अडकला होता. मामींनी हळद लावून फडके बांधले. कोणी आनंदोत्सव केला नाही. सारे आपापल्या जागी निजले, आणि त्यांच्यात एक माणूस जागा राहिला.

पहाटे चुलीपाशी त्यांच्या अडचणी आम्ही ऐकल्या. गावोगावची गायराने आक्रसली; कोठे इमारती झाल्या, कोठे ऊस शिरला. उसाचे शेत वर्षभर भरलेले असते, त्यामुळे सुगीनंतरची मोकळी रानेही कमी झाली. पाणंदी नांगरल्या गेल्या. महामार्ग रुंद झाला व तो ओलांडण्यास पहाटेच्या अंधाराची वाट पाहावी लागते. आणखी एक गोष्ट सीमेची. मेंढरांस आंत्रविषार होतो, पी. पी. आर. हा भयंकर साथीचा रोग होतो. त्यावर लस आहे, आणि २०३० सालापर्यंत हा रोग देशातून नाहीसा करण्याचे उद्दिष्टही ठरले आहे. दोन्ही राज्यांत मेंढीविकासासाठी शासकीय महामंडळे आहेत व योजनाही आहेत. पण योजना रहिवाशासाठी असते, आणि मेंढका तर वर्षातील निम्मे दिवस रहिवासाबाहेर! मामा म्हणाले, "हिकडं इचारलं तर म्हणत्यात तुमच्या गावात जावा. गावात जाईस्तोवर बकरू ऱ्हातंय व्हय?"

२०१९ च्या पशुगणनेप्रमाणे आपल्या देशात सुमारे ७ कोटी ४३ लाख मेंढ्या आहेत. त्यांपैकी कर्नाटकात सुमारे १ कोटी ११ लाख व महाराष्ट्रात सुमारे २७ लाख. तेव्हा हा व्यवसाय संपला, असे म्हणता येणार नाही. प्रश्न आहे तो चालणाऱ्या माणसांचा.

मामांचा नातू दहावीची परीक्षा देऊन सुट्टीत तळावर आला होता. तो पुढे काय करणार, असे आम्ही विचारले. त्याने बिरदेव डोणे यांचे नाव घेतले. कागल तालुक्यातील यमगे गावचा हा मेंढपाळाचा मुलगा केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०२४ च्या परीक्षेत ५५१ व्या क्रमांकाने उत्तीर्ण झाला. २२ एप्रिल २०२५ रोजी निकाल लागला तेव्हा तो बेळगावजवळ मेंढरेच चारीत होता, ही हकीकत सर्व वृत्तपत्रांत आली होती. नातवाचे डोळे ते सांगताना चमकत होते. मामा ऐकत होते. ते म्हणाले, "शिकू दे, सायेब होऊ दे. त्येनं बकरी राखावीत असा माझा हट्ट न्हाई. पर जो राखंल, त्येला वाट तरी ऱ्हावी."

यावर बोलण्यासारखे आमच्यापाशी काही नव्हते. उजाडताच वाघर निघाली, बिऱ्हाड घोड्यांवर चढले. रात्री मेंढरे बसलेला शेताचा तुकडा काळाभोर व तुडवलेला दिसत होता. आप्पा नांगर जोडण्याच्या तयारीत होते.

परतीच्या बसमध्ये गुरुजी बराच वेळ बोलले नाहीत. संकेश्वर ओलांडल्यावर म्हणाले, "फादर, भिंतीचा ठराव मी मांडला होता. दुरुस्तीही मीच मांडतो." पुढील सभेत त्यांनी ती मांडली. विरोध झाला नाही असे नाही. वासाची तक्रार पुन्हा निघाली, अतिक्रमणाची भीतीही निघाली. ती भीती खरी असल्याने भिंत घालावयाचे कायम राहिले. परंतु तिच्या दोन्ही टोकांस कळप जाईल एवढी रुंद फाटके ठेवावयाची, माघात ती उघडावयाची, आणि दोन रात्री मेंढरे बसविल्याबद्दल मामांस रीतसर मोबदला द्यावयाचा, असे ठरले. आजवर त्यांचे खत आम्ही फुकट घेत होतो, आणि वर आपणच उपकार करीत आहोत असे समजत होतो! हे सभेत कबूल करताना आम्हांस संकोच वाटला. पण ते कबूल करणे प्राप्त होते.

वाचकहो, आपणांपैकी अनेकांची शेती आहे. आपल्या बांधावरून जुनी पाणंद जात असेल तर ती नांगरू नका. वैशाखापूर्वी शेत मोकळे असेल तर एखाद्या कळपास बोलवा व त्याचे दाम ठरवून द्या. रस्त्यावर मेंढरे आडवी आली तर मोटारीचा भोंगा वाजवीत बसू नका. दोन मिनिटे थांबा. घरात थंडीसाठी काही घ्यावयाचे असेल तर एक घोंगडे विणणाऱ्याच्या हातून विकत घ्या. ते मुलांनाच काय, नातवंडांनाही पुरेल. ग्रामपंचायतीत बसत असाल तर गायरानाचा विषय निघेल तेव्हा मेंढक्याची आठवण ठेवा, कारण तो त्या सभेस हजर नसतो. तो चालत असतो.

आमच्याकडील भिंतीचे काम आता पुरे झाले आहे. फाटकांस रंग देणे तेवढे बाकी आहे. ते माघापूर्वी होईल.